कॉन्स्टँटिनोपल एकट्या मेहमदनं जिंकलं, का बाप-आजा-पणज्यानं आधीच निम्मं काम करून ठेवलेलं?

पार्क_चौकातला

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचाच, अभ्यासिकेत बसून एमपीएससी करलालोय (म्हंजे घरच्यांना तरी तसं वाटतंय). आमच्यात दर रविवारी एकानं उठून अर्धा तास एका विषयावर बोलायचं असतंय, ह्या रविवारी माझा नंबर हाय आणि मी फुशारकीत विषय सांगून बसलो, १४५३ चं कॉन्स्टँटिनोपल, म्हंजे आजचं इस्तंबूल, ऑटोमन तुर्कांच्या सुलतान मेहमदनं घेतलेलं. आता अभ्यासाला बसलो तर कळलालंय की मला फक्त शाळेतलं एक वाक्य येतंय, तुर्कांनी शहर घेतलं, खुष्कीचा मार्ग बंद झाला आणि वास्को द गामा बोटीत बसला.

त्यात आमचा रूम पार्टनर तुर्की सिरीयल बघून बघून पार येडा झालाय. तो म्हणतोय २१ वर्षांच्या पोरानं एकट्याच्या डोक्यानं केलं सगळं, तोफ ओतली, जहाजं टेकडीवरून ओढली, विषय संपला. मी म्हटलं अरे बे एवढं सोप्पं होतं तर आधीच्या सुलतानांना का जमलं नाही, तर म्हणतोय त्यांच्यात दम नव्हता. हे काय मला पटलं नाही पण उत्तर पण देता आलं नाही.

नुसत्या सनावळ्या नकोत, त्या नेटवर हायेत. कुणी काय करून ठेवल्यामुळं पुढच्याचं काम सोपं झालं ते जरा आपल्या भाषेत सांगा की.

बीमवाला

इतिहास माझा प्रांत नाही, माझे आठ लूम आणि मी. पण गिऱ्हाईक चादर बघतंय ती घडी घातलेली, बीम कुणी भरलं ते कोण विचारत नाही. मास्तर येतीलच, त्यांना झोप नसती.

निवृत्त_मास्तर

आलो. झोप खरंच नसते, आणि हा धडा मी ३१ वर्षं शिकवलाय, दरवर्षी एका तासात आटपायचो आणि दरवर्षी वाईट वाटायचं.

बाळा, आधी जागा डोळ्यासमोर आण. शहर म्हणजे बायझंटाईन, म्हणजे ग्रीक बोलणाऱ्या पूर्व रोमन साम्राज्याची राजधानी, आकार त्रिकोणी. दोन बाजूंना पाणी, तिसऱ्या बाजूला जमिनीवरून साधारण सहा किलोमीटर तट, आणि तो एकेरी नाही, आधी खंदक, मग बाहेरची भिंत, मग आतली त्याहून उंच भिंत. पाचव्या शतकातलं बांधकाम. आपला भुईकोट किल्ला बघतोस ना, दुहेरी तट, खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव, तेच चित्र शेकडो पटीनं मोठं कर. या तटासमोर अरब सातव्या शतकात येऊन गेले, ७१७ ला मसलमा भलंमोठं सैन्य आणि आरमार घेऊन आला, वर्षभर बसला, ग्रीकांच्या त्या पाण्यावर पेटणाऱ्या आगीनं जहाजं गेली, हिवाळ्यानं आणि उपासमारीनं माणसं गेली, वर बल्गारांनी मागून मारलं, ७१८ ला परत. दम त्यांच्यातही होता, तुझ्या पार्टनरला सांग. पण ते लांबून येत होते, सीरियातून. पाहुणा कितीही जोरात आला तरी त्याला कधीतरी घरी जावं लागतं.

ऑटोमन पाहुणे नव्हते, शेजारी होते. आणि शेतातला वाईट शेजारी काय करतो? भांडत नाही, दरवर्षी नांगरटीला बांध कोरतो. एक तास इकडं, एक तास तिकडं. दहा वर्षांनी तुला कळतं की विहीर त्याच्या हद्दीत गेलीय. मूळ पुरुष उस्मान, त्याची गोष्ट एवढीच की १३०२ ला बाफियसला बायझंटाईन फौजेचा पराभव केला आणि खेडी-पाडी घेत राहिला. मोठं शहर त्याला एकही घेता आलं नाही म्हटलं तरी चालेल. पोरगा ओरहान. त्यानं १३२६ ला बुर्सा घेतलं, तेही भिंत पाडून नाही, आजूबाजूचा मुलूख ताब्यात ठेवून वर्षानुवर्षं दाणागोटा तोडून. मग १३३१ ला निकेया, १३३७ ला निकोमेडिया. म्हणजे समुद्राच्या पलीकडचा, आशियातला काठ शहराच्या हातून जवळजवळ गेला. 

पुढचं जास्त महत्त्वाचं. अलीकडच्या काठावर, युरोपात, तुर्कांना कुणी आणलं? शहरातल्यांनीच! १३४१ पासून तिकडं घरात भाऊबंदकी पेटली होती, एकीकडं लहान वयाचा जॉन पाचवा आणि त्याची आई, दुसरीकडं कँटाकुझिनोस नावाचा मातब्बर सरदार. या सरदारानं ओरहानची फौज भाड्यानं घेतली, १३४६ ला आपली मुलगी थिओडोरा ओरहानला दिली. सासरा झाला. जावयाची माणसं युरोपात येऊन-जाऊन रस्ते, खिंडी, कुठल्या किल्ल्यात किती शिबंदी, सगळं बघून गेली. १३५२ ला एक छोटा किल्ला त्यांच्याकडं आला. आणि १३५४ च्या मार्चमध्ये भूकंप झाला, युरोपच्या काठावरच्या गॅलिपोली गावाचे तट पडले, लोक पळाले, ओरहानचा थोरला मुलगा सुलेमान लगेच बायकापोरांसकट माणसं आणून तिथं राहायला लागला. सासऱ्यानं पैसे देऊ केले, परत द्या म्हणाला. उत्तराचा सूर असा की तट आम्ही पाडलेला नाही, देवानं पाडला, देवानं दिलेलं परत कसं करायचं! तू रविवारी बोलशील तेव्हा तोफेपासून सुरुवात करू नकोस, या भूकंपापासून कर. माझ्या मते १४५३ ची खरी सुरुवात इथं आहे. 

मग पहिला मुराद. एड्रियानोपल म्हणजे एदिर्ने घेतलं, युरोपातच राजधानी नेली, पगारी पायदळ उभं केलं, जानिसारी. आता शहर म्हणजे चारी बाजूंनी चुलत्याचं शेत आणि मधे एकट्या म्हातारीचं घर. सम्राट सुलतानाचा मांडलिक झाला, खंडणी द्यायला लागला. मुरादचा मुलगा बायझीद, त्याच्या काळात तर असं झालं की १३९० ला आशियातलं शेवटचं बायझंटाईन गाव फिलाडेल्फिया तुर्कांनी घेतलं तेव्हा सुलतानाच्या फौजेत मांडलिक म्हणून कोण हजर होतं? मॅन्युएल, जो पुढच्या वर्षी स्वतः सम्राट झाला. आपलंच गाव पाडायला आपणच जायचं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

बायझीदनं १३९४ पासून शहराची नाकेबंदी केली, सामुद्रधुनीवर आशियाच्या काठाला एक किल्ला बांधला (हा किल्ला लक्षात ठेव), १३९६ ला निकोपोलिसला युरोपातून आलेलं क्रुसेडचं, म्हणजे ख्रिश्चन धर्मयुद्धाचं, सैन्य पार मोडलं. आठ वर्षं नाकेबंदी. मॅन्युएल पॅरिस-लंडनपर्यंत मदत मागत फिरला. शहर पिकलेल्या सीताफळासारखं झालं होतं. आणि १४०२ ला... जेवून येतो.

पार्क_चौकातला

सर असं मधीच सोडून जेवायला कोण जातंय ओ 😭

विजापूर_वेस

मास्तर जेवेपर्यंत मी सांगतो. १४०२ ला तैमूर आला. अंकाराच्या लढाईत बायझीद हरला, कैद झाला, कैदेतच मेला. शहर वाचलं.

आणि इथंच मला एक बोलायचंय भाई, कारण हा विषय निघाला की लोक लगेच 'मुसलमान राज्यकर्ते' म्हणून एक टीम करून टाकतात. तैमूर कोण होता? मुसलमानच. ऑटोमनांचा घरचा वैरी कोण? करामानचे तुर्क, तेही मुसलमान, सुलतान युरोपात गेला की हे मागून उठायचे. आणि अंकाराला बायझीदच्या बाजूनं शेवटपर्यंत घट्ट कोण लढलं तर सर्बियाचा स्टेफान, ख्रिश्चन, तर बायझीदनं नुकत्याच जिंकलेल्या तुर्की अमिरातींची माणसं आपले जुने मालक पलीकडं बघून तिकडं गेली. १४५३ ला पण सर्बियाहून घोडेस्वार आले सुलतानाच्या बाजूनं, आणि सुरुंग खणणारे खाणकामगार पण तिकडचेच. तोफ ओतणारा ऑर्बान हंगेरीचा. तो आधी सम्राटाकडंच गेला होता नोकरीला, त्याला पगार देता येईना म्हणून सुलतानाकडं आला. दीन-धरमाची भावना नव्हती असं मी म्हणत नाही, शहर घेणाऱ्या अमीराची तारीफ करणारी हदीस सांगितली जाते, पहिल्या अरब मोहिमेत तटाजवळ वारलेल्या अबू अय्यूब अन्सारींची कबर १४५३ नंतर लगेच शोधून काढली गेली. पण नुसत्या भावनेनं झालं असतं तर ७१८ लाच झालं असतं.

बीमवाला

पगार थकला की कारागीर समोरच्या कारखान्यात जातो, तिकडं पण तेच होतं तर.

निवृत्त_मास्तर

जेवलो. विजापूर वेशीतल्या भाईंनी बरोबर सांगितलं, त्याच धाग्यावरून पुढं जातो.

तैमूर आल्यावर ऑटोमन संपायला पाहिजे होते. बायझीदची मुलं आपापसात ११ वर्षं लढली, १४०२ ते १४१३. थोरल्या सुलेमाननं तर सम्राटाला सलोनिका आणि किनारा परत देऊन टाकला. बाकीच्या तुर्की घराण्यांचं असंच झालं होतं, बाप मेला की राज्याच्या वाटण्या, चार मुलं चार तुकडे, नातवाच्या हातात एकरभर. ऑटोमनांचं वेगळेपण काय, मी शिकवताना सांगायचो, सातबारा एकाच्याच नावावर. वाटणी नाही. आणि ते कसं जमवलं हे ऐकायला चांगलं नाही. पहिल्या मुरादनं भाऊ मारले. बायझीदनं कोसोव्होच्या रणांगणावर, १३८९ ला, बाप पडल्याची बातमी ताजी असताना भाऊ याकूब मारला. ११ वर्षांच्या यादवीनंतर पहिला मेहमद उरला तो भावांना संपवूनच. त्याच्या मुलानं, दुसऱ्या मुरादनं, १३ वर्षांचा भाऊ मारला. आणि आपल्या मेहमदनं १४५१ ला गादीवर बसल्या बसल्या पाळण्यातला सावत्र भाऊ. पुढं त्यानं याचा कायदाच केला. भयंकर आहे. पण राज्य दीडशे वर्षं एकसंध का राहिलं याचं उत्तर शोधायला गेलास तर तुला या थडग्यांवरून जावं लागतं.

आणि समोर काय चाललं होतं? तिथं भाऊबंदकी संपतच नव्हती. एक जॉन दुसऱ्या जॉनविरुद्ध, बाप मुलाविरुद्ध, मुलगा बापाचे डोळे चुकवून तुर्कांकडं, तुर्क दोघांकडून पैसे घेऊन. सम्राटांकडं एकच हुकमाचं पान उरलं होतं, पळून आलेला एखादा ऑटोमन राजपुत्र सांभाळायचा आणि वेळ आली की सोडायचा. १४२२ ला दुसऱ्या मुरादनं शहराला वेढा घातला तो याच रागातून, सम्राटानं एक मुस्तफा नावाचा दावेदार त्याच्यावर सोडला होता. आणि वेढा उठला तोही दुसऱ्या मुस्तफामुळं, तो १३ वर्षांचा भाऊ मागं बुर्साकडं उठवला गेला म्हणून. तीस वर्षांनी शेवटचा सम्राट कॉन्स्टंटाईन, त्यानं तेच पान परत टाकलं, ओरहान नावाचा राजपुत्र आमच्याकडं आहे, त्याचा तनखा दुप्पट करा नाहीतर सोडू. पण तोपर्यंत समोरच्या घरात भाऊच शिल्लक नव्हते, आणि मेहमदला निमित्त मिळालं.

दुसऱ्या मुरादला लोक विसरतात. त्यानं १४४४ ला वार्ना आणि १४४८ ला कोसोव्हो, या दोन लढायांत हंगेरीची ताकद अशी मोडली की १४५३ ला शहराच्या मदतीला जमिनीवरून एकही सैन्य आलं नाही. ५३ दिवस वेढा चालला आणि मागून कोणी आलं नाही, ही बापाची कमाई. तोफासुद्धा, १४४६ ला कोरिंथजवळची मोठी भिंत मुरादनं तोफा लावून फोडली होती. पोराला वाण्याकडून उधार काही आणावं लागलं नाही.

कडक_भाकरी

मास्तर सगळं मान्य, पण आता तुम्ही दुसऱ्या टोकाला चाललाय. तुमच्या हिशोबानं मेहमद म्हणजे बापाच्या इस्टेटीवर बसलेलं पोरगं. मग मला सांगा बायझीदला का जमलं नाही? मुलूख होता, सैन्य होतं, निकोपोलिस जिंकलेलं, आठ वर्षं हातात. तरी नाही जमलं ते काय फक्त तैमूरमुळं? त्याच्याकडं भिंत फोडायचं साधन नव्हतं आणि समुद्राचं तोंड बंद करता येत नव्हतं, जहाजानं धान्य येतच होतं.

मेहमदनं काय केलं ते बघा, पणज्यानं आशियाच्या काठाला किल्ला बांधला होता ना, ह्यानं १४५२ ला बरोबर त्याच्या समोर युरोपच्या काठाला दुसरा बांधला, जिथं सामुद्रधुनी सगळ्यात अरुंद, सातशे मीटरच्या आसपास. चार-साडेचार महिन्यात उभा! आपल्याकडं एवढ्यात उड्डाणपुलाचा एक खांब होत नाही. त्याचं नावच 'गळा कापणारा' अशा अर्थाचं. नोव्हेंबरमध्ये व्हेनिसचं एक जहाज न थांबता निघालं तर तोफेनं बुडवलं. मग ऑर्बानची ती तोफ, २५-२६ फुटांच्या वर, एदिर्नेहून बैल लावून ओढत आणली. दोनशेच्या वर किलोमीटर अंतर. आरमार पण. २० एप्रिलला मदतीची चार जहाजं त्या आरमाराशी लढून आत शिरली, सगळी नाचक्की, नि बरोबर दोन दिवसांनी ह्यानं सत्तरच्या आसपास जहाजं तेल-चरबी लावलेल्या लाकडांवरून खाडीपलीकडच्या गलाटा वस्तीच्या मागून टेकडी ओलांडून शहराला लागून असलेल्या खाडीत उतरवली, कारण खाडीच्या तोंडाला साखळी होती. हे काय वारसाहक्कानं मिळत नाही.

आणि घरचीच मोठी माणसं विरोधात होती हो. हलील पाशा, घराण्यानं पिढ्यान् पिढ्या वजीर, बापाचा खास माणूस. त्यानंच १४४४ ला १२ वर्षांच्या मेहमदला बाजूला सारून बापाला परत बोलावलं होतं. वेढ्याच्या शेवटी शेवटी पण तो म्हणत होता उठवा वेढा, परत चला. त्याचं ऐकलं असतं तर हा पण बाप नि पणज्यासारखा परत गेला असता आणि आज ह्या थ्रेडला नाव दुसऱ्याच कुणाचं असतं. शहर घेतल्यावर हलीलला मारला ते वेगळं.

पार्टनर अगदीच येडा नाही एवढंच म्हणायचंय.

निवृत्त_मास्तर

घेतो मागं थोडं. बायझीदचा मुद्दा बिनतोड आहे. फक्त एक भर, पणज्याची आणि बापाची चूक समोर होती म्हणूनच याला कळलं की समुद्राचं तोंड आधी बांधायचं. नापास झालेल्याची वही पुढच्याला कामाला येते, शिक्षक म्हणून सांगतो.

आणि तुम्ही दोघंही एक गडी विसरलात. १२०४. चौथं क्रुसेड. शहर पहिल्यांदा पडलं ते तुर्कांच्या हातून नाही, पश्चिमेकडच्या ख्रिश्चनांच्या हातून, लुटलं असं की परत सावरलंच नाही. १२६१ ला सम्राट परतले तेव्हा घर होतं, घरात काही नव्हतं. १४५३ ला आत माणसं जेमतेम ५०,००० आणि तट राखायला सुमारे ७,०००, त्यातले दोनेक हजार बाहेरचे, जिनोआचा जुस्तिनियानी ७०० जण घेऊन आलेला. सहा किलोमीटरचा तट, शिवाय पाण्याकडची भिंत वेगळी. गुणाकार कर तूच.

सोरेगावचा_वाघ

हे सगळं ठीक पण आया सोफिया ह्या तिथल्या मोठ्या चर्चचं काय केलं ते पण बोला, आणि आजकाल जे चाललंय...

अॅडमिन

आजकालचं इथं नको. १४५३ ला चर्चची मशीद झाली, १९३० च्या दशकात म्युझियम, २०२० ला परत मशीद, एवढी माहिती पुरे. तीन दिवस लूट झाली, हजारो लोक गुलाम म्हणून विकले गेले, हे पण खरं आणि ते लपवायचं कारण नाही. पुढं चला.

विजापूर_वेस

बरोबर बोललात अॅडमिन. सिरीयलमधे ते तीन दिवस कधी दाखवत नाहीत.

पार्क चौकवाल्या, तुला अभ्यासिकेत टाळ्या पाहिजे असतील तर आपल्याकडचा धागा जोड. विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक युसूफ, फरिश्ता हा जुना इतिहासकार त्याची कहाणी अशी सांगतो की तो ह्याच दुसऱ्या मुरादचा मुलगा, म्हंजे मेहमदचा भाऊ! १४५१ ला भाऊ मारायचा हुकूम निघाला तेव्हा आईनं त्याच्या जागी दुसरं पोर दिलं आणि ह्याला एका व्यापाऱ्याबरोबर इराणला पाठवलं, तिथून तो दाभोळ बंदरात उतरला आणि बहमनी वजीर महमूद गवानकडं आला. इतिहासकार मानत नाहीत, घराण्याला मोठेपणा द्यायला रचलेली गोष्ट असणार. पण मास्तर म्हणाले ना सातबारा एकाच्या नावावर, त्या रिवाजाचा बोभाटा दख्खनपर्यंत पोचलेला होता म्हणून तर अशी गोष्ट रचता आली.

आणि मुलूख मैदान तोफ. १५४९ ला अहमदनगरला ओतली, वजन ५५ टनांच्या घरात, बरीच वर्षं इथं आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर होती, १६३२ ला विजापूरला नेली. ओतणारा कोण? महंमद रूमी. रूमी म्हंजे रूमचा, ऑटोमन मुलखातला. तटाला भगदाड पाडणारी ती विद्या शंभर वर्षांच्या आत इथं आलेली. भुईकोटाच्या बुरुजांवरून ज्या निजामशाही-आदिलशाहीच्या मारामाऱ्या झाल्या त्यात असले रूमी गोलंदाज होतेच.

पार्क_चौकातला

हे म्हंजे डोक्याला शॉट झालं 😅 मास्तर, भाई, भाकरी, सगळ्यांना थँक्यू. पार्टनरला वाचायला दिलं, तो म्हणतोय भाकरीवाला माणूस बरोबर हाय. बाकीचं वाचलंच नाही त्यानं.

भूकंपापासून सुरू करतो. मास्तर एकच शंका, तो खुष्कीचा मार्ग बंद झाला वालं वाक्य मग बरोबर का चूक? कोणतरी विचारणार.

निवृत्त_मास्तर

अर्धवट. व्हेनिसनं १४५४ लाच सुलतानाशी तह करून व्यापार परत सुरू केला होता. महाग झालं, अटी वाढल्या, पण दाराला कुलूप नव्हतं लागलं. परीक्षेत मात्र पुस्तकात आहे तेच लिही, मार्क मी देणार नाहीये.

कडक_भाकरी

शनिवारी विजापूरला चल, शंभर किलोमीटर तर हाय. तोफेला हात लावून ये आणि मग बोल. माझी गाडी हाय, पेट्रोल तुझं.

पार्क_चौकातला

पेट्रोल अर्धं अर्धं. मास्तर तुम्ही येता का?

निवृत्त_मास्तर

गुडघे दुखतात. बुरुजाच्या पायऱ्या चढवणार असाल धरून तर येतो. सकाळी सहाला निघायचं, उन्हात ती तोफ तापते.

बीमवाला

मी पण येतो ओ, शनिवारी लाईट नसती.